आवाज जिन्यात येता कामा नये

मंजुषाला खरं तर एक चादर बांधायची होती, बाकी काही नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या दोन टाक्यांमध्ये पांढरी चादर, समोर प्रोजेक्टर आणि प्रोजेक्टरशेजारी खुर्चीत आई. सिनेमा हसण्या-गाण्याचा. संपला की चादर घडी करून कपाटात. एवढ्या कामाला पोलीस ठाणं, सोसायटीची तातडीची बैठक, दोन जिपा भरून पाहुणे आणि एक मृदंग लागेल हे आधी कळलं असतं, तर आपण या फंदात पडलोच नसतो, असं ती पुढं लोकांना सांगायची. ते खरं नव्हतं. पडली असती.

सिनेमाचं नाव ‘मैदान भरलंय’. तो जुनेद मुकुंदवाडीकर या विनोदवीराचा. याचं मूळ आडनाव वेगळंच होतं. पण मुंबईत पहिल्यांदा माईकसमोर उभा राहिल्यावर ‘कुठला रे तू’ या प्रश्नाला त्यानं ‘मुकुंदवाडी’ असं उत्तर दिलं आणि लोकांनी सवयीनं त्याला ‘कर’ लावून टाकला. नाव झाल्यावर तो गेल्या हिवाळ्यात गावी परतला आणि गारखेड्यातल्या एका मैदानावर त्यानं फुकट जलसा भरवला. वाळूजच्या कारखान्यांत पाळी करून येणारी, रॅप म्हणणारी पोरं, एक कव्वाल पार्टी, भारूड म्हणणाऱ्या एक आजी आणि लग्नातला ब्रास बँड, सगळे एका स्टेजवर. आमंत्रणं त्यानं स्वतः रिक्षात भोंगा घेऊन शहरभर फिरून दिली. चहावाल्यांना, वाहतूक पोलिसांना, एकदा तर वाटेत भेटलेल्या अख्ख्या वरातीला. मागं कॅमेरा होताच. त्याचा माहितीपट झाला, आणि तो पाहिला की माणूस दोन दिवस रिक्षावाल्याशीसुद्धा नीट बोलतो, अशी त्याची ख्याती पसरली.

मंजुषाला तो दाखवला नौशीननं. दोघी एकाच कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायच्या, मंजुषा मराठी आणि नौशीन हिंदी. एका सकाळी नौशीननं सिनेमाची जाहिरात फोनवर लावली, मध्येच थांबवली आणि फोन तिच्यापुढं धरला.

“मंजू, ये अण्णा हैं ना?”

जुनेदनं एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात टाकला होता. म्हाताऱ्याच्या अंगात तपकिरी स्वेटर, गळ्यात मफलर, आणि तो तोंड उघडं टाकून हसत होता. इतका, की डावीकडच्या पडलेल्या दाढेची जागा दिसत होती. मंजुषानं आधी स्वेटर ओळखलं, कारण ते तिनंच आणलं होतं. मग दाढेची जागा ओळखली, कारण दातांच्या डॉक्टरकडं तीच घेऊन गेली होती. हसणं तेवढं ओळखता आलं नाही. ते तिनं कधी पाहिलं नव्हतं.

अण्णा, म्हणजे बद्रीनाथ औताडे, होळीनंतर गेले. नोकरीभर ते वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, पत्रा दाबणाऱ्या धडधडत्या यंत्रांपाशी, होते. निवृत्त झाल्याच्या दिवशी त्यांनी घरात जाहीर केलं, की अर्धे कान कंपनीला दिले, उरलेले अर्धे माझे. त्या अर्ध्या कानांच्या रक्षणासाठी ते पुढचं सगळं आयुष्य लढले. वरातीतला डीजे, भंगारवाल्याची ध्वनिफीत, गणपतीचा मांडव, कुणाचीही गय नव्हती. शेजारच्या कुकरलाही त्यांनी एकदा समज दिली होती. शिट्ट्या तीनच्या वर जाऊ नयेत.

अशा माणसाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर जलसा भरला म्हटल्यावर काय होणार. त्या संध्याकाळी अण्णांनी स्वेटर चढवलं, बॅटरी घेतली आणि “सांगून येतो” म्हणून निघाले. आई, आशाबाई, गुडघ्यांमुळं कुठं जाऊ शकत नव्हती. ती दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून राहिली. अण्णा गेल्यावर आवाज कमी व्हायचा तो उलट वाढला. बऱ्याच वेळानं ते परतले, “आलं का ऐकू?” एवढंच त्यांनी विचारलं आणि ताटावर बसले. पुढं सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाला आई हे सांगायची. आयुष्यभर लढले, पण शेवटच्या लढाईत हरून आले. तोंडातून शब्द फुटला नाही त्यांच्या.

आणि आता हा फोटो. आईनं फोन लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, चष्मा पदरानं पुसून पाहिला.

“स्वेटर त्यांचं आहे,” ती म्हणाली. “माणूस दुसरा आहे.”

मग ती मेथी निवडायला लागली. अर्धी जुडी झाल्यावर तिनं मान वर न करता विचारलं, “हसत होता का गं तो?”

मंजुषा हो म्हणाली. आई म्हणाली, “आपल्या घरात काय कमी होतं हसायला.” आणि हा काही प्रश्न नव्हता.

मंजुषानं सिनेमा दोनदा एकटीनं लावून पाहिला. दोन्ही वेळा मैदान दिसताच तिला भांडी घासायची राहिल्याची आठवण झाली. तेव्हा तिनं ठरवलं, की आईनं पूर्ण सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहायचा आणि आपणही तेव्हाच पाहायचा. अंगठ्याएवढ्या चित्रावरून चाळीस वर्षांच्या संसाराचा निकाल लावू नये. पण तिच्या मनात एक भीती होती आणि ती तिनं नौशीनलाही सांगितली नाही. तो माणूस अण्णा नसतील तर प्रश्न मिटला. असतील, तर परक्यांच्या गर्दीत एवढं हसणारा माणूस घरी येऊन मुकाट जेवला, हे आईला आपण मुद्दाम मोठं करून दाखवणार होतो.

घरातला टीव्ही चालणार नव्हता. वर्ष होईपर्यंत लावायचा नाही म्हणून आईनं त्यावर टॉवेल टाकून ठेवला होता. त्यावर मंजुषानं तोड काढली, की दुखवटा घराला असतो, गच्ची सोसायटीची आहे. आईला हे पटलं. निदान तिनं मेथीची जुडी खाली ठेवली.

गच्ची सोसायटीची, आणि सोसायटी अप्पाराव ढाकण्यांची. ते तळमजल्यावर राहत आणि अनेक वर्षं सचिव होते, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. त्यांनी मंजुषाला चहा दिला, अण्णांची आठवण काढली, डोळे पुसले आणि मग नियम काढला. गच्चीवरील कोणत्याही समारंभाचा आवाज जिन्यात येता कामा नये. सूचक, बद्रीनाथ औताडे.

“ताई, नियम अण्णांचा आहे,” अप्पाराव म्हणाले. “मी कोण मोडणारा?”

यात आदर किती आणि समाधान किती हे सांगणं अवघड होतं. अप्पारावांच्या नातवाचं बारसं गच्चीवर झालं तेव्हा याच नियमानं बायकांना पाळणा कुजबुजत म्हणावा लागला होता. चोरट्यांनी बाळाला निजवावं तसा तो प्रकार झाला. कुणीतरी ‘गोविंद घ्या’ जरा मोठ्यानं म्हटलं तर अण्णा जिन्यात उभे होते. अप्पाराव हे विसरले नव्हते, आणि विसरावं असं कुणी म्हणणारही नाही.

तातडीची बैठक झाली. बैठकीत गुडघ्यांवर कोणतं तेल चांगलं यावर एकमत झालं. सिनेमाबद्दल असं ठरलं, की स्वतः अप्पाराव जिन्यात खुर्ची टाकून बसतील, आवाज आला की “येतंय” असं ओरडतील आणि वर आवाज कमी केला जाईल. त्यांच्या स्वतःच्या ओरडण्याचं काय, असं एकानं विचारलं. ते नियमात बसत नाही, असं अप्पाराव म्हणाले. शिवाय पोलिसांची परवानगी लागेल. उगाच कुणी तक्रार केली तर? तक्रार करणारे गेले, असं कुणीतरी पुटपुटलं आणि सगळे खाली पाहायला लागले.

ठाण्यात मंजुषानं आडनाव सांगताच हवालदार खुर्चीतून अर्धा उठला. सवयीनं त्यानं तक्रारीचं रजिस्टर पुढं ओढलं आणि कोणता मांडव, असं विचारलं. तक्रार नाही, परवानगी पाहिजे, असं तिनं सांगितल्यावर तो आत जाऊन आणखी एकाला घेऊन आला, औताड्यांच्या घरातून परवानगीचा अर्ज आला आहे हे बघायला. अण्णा गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. तिनं ते सांगितल्यावर पहिल्यानं रजिस्टर मिटलं. मग म्हणाला, तरीच यंदाचे गणपती आम्हाला शांत गेले. हे तो इतक्या दुःखानं म्हणाला, की मंजुषाला त्याला धीर द्यावा लागला.

मग माहितीपट म्हणजे कशाची माहिती, हा प्रश्न निघाला. गाण्यांची, ती म्हणाली. मग गाणंच म्हणा ना. पण गाणारे येणार नाहीत, चादरीवर दिसणार. मग सिनेमा म्हणा. पण सिनेमाला परवानगी वेगळी. शेवटी त्यानं ‘कार्यक्रम’ असं लिहिलं. या शब्दात सगळं बसतं, तो म्हणाला. त्याचं म्हणणं किती खरं होतं हे कार्यक्रमाच्या दिवशी, रविवारी, कळायचं होतं.

प्रोजेक्टर आणि स्पीकर नौशीनचे वडील फारूखभाई देणार होते. त्यांचा साउंडचा व्यवसाय होता, म्हणजेच ते अण्णांचे सर्वांत जुने परिचित होते. त्या जलशाचा साउंडही त्यांचाच. मंजुषानं विचारलं, अण्णा त्या दिवशी तिथं काय म्हणाले. फारूखभाई म्हणाले, “बेटा, मैं तो पीछे जनरेटर के पास था. दूर से स्वेटर दिखा तो मैं और पीछे हो गया.” स्पीकर त्यांनी डब्याएवढा दिला. अण्णांच्या तक्रारींमुळं दर वर्षी एक आकार लहान होत होत तो तिथवर आला होता.

राहिलं निमंत्रण. परवानगीत जो शब्द आहे तोच निमंत्रणात पाहिजे, असा अप्पारावांचा आग्रह. मंजुषानं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: रविवारी संध्याकाळी सहा वाजता गच्चीवर अण्णांचा कार्यक्रम आहे. सर्वांनी यावे.

वर्षानुवर्षं मुलांच्या निबंधांत ‘शब्द जपून वापरा’ असा शेरा मारणाऱ्या बाईनं हे लिहिलं आणि दोनदा वाचून पाठवलं. आपल्याकडं गेलेल्या माणसाच्या नावापुढं ‘कार्यक्रम’ लागला की त्याचा एकच अर्थ उरतो. तिच्या डोक्यात मात्र चादर होती.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. समोरच्या काकूंनी दारात हळू आवाजात विचारलं, जिलबी ठेवणार का बुंदी. सिनेमा बघताना एवढं गोड कोण खाणार, असं मंजुषाला वाटलं. ती म्हणाली, मी लाह्या ठेवीन म्हणते. काकू जरा थांबल्या. तुमच्याकडं लाह्या असतात का? हो, मक्याच्या. औताड्यांच्यात मक्याच्या लाह्यांची रीत आहे, हे संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांना कळलं. एकानं, महाराज कोण आहेत, असं विचारलं. मंजुषाला वाटलं स्वयंपाकी, ती म्हणाली, महाराज नाही, घरीच करणार. एका आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून, मुलगा नसला तरी तू कमी पडू दिलं नाहीस, असं सांगितलं. सिनेमा दाखवण्याचं एवढं कौतुक तिला जरा जास्त वाटलं. पण अण्णा गेल्यापासून कुणी कौतुक केलं नव्हतं. तिनं ते ठेवून घेतलं.

हा निरोप फिरत फिरत फुलंब्रीकडच्या गावी अण्णांच्या धाकट्या भावाकडं, पुंडलिककाकांकडं पोचला, हे मात्र कुणी तिला सांगितलं नाही.

रविवारी चादर बांधून होते न होते तोच खाली दोन जिपा थांबल्या. त्यांतून पांढऱ्या कपड्यांतली माणसं उतरली, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका उतरल्या, मृदंग उतरला आणि त्यामागून पुंडलिककाका, हातात टॉवेल-टोपीचा आहेर आणि वहिनीसाठी लुगडं. सोसायटीची माणसंही तशीच, पांढरी, गंभीर, हात जोडत गच्चीवर येत होती. कुणीतरी हारासाठी फोटो कुठं आहे असं विचारत होतं. प्रोजेक्टरपाशी उभ्या असलेल्या मंजुषाला तो एक शब्द त्या क्षणी कळला. अकरावीच्या मुलानं लिहिला असता तर तिनं त्याखाली लाल रेघ मारली असती.

आता सांगायला वेळ नव्हता. आईला काकांच्या दोन मुलांनी खुर्चीसकट उचलून वर आणलं होतं. अप्पाराव जिन्यात स्थानापन्न झाले होते. फारूखभाईंनी कळ दाबली आणि पांढऱ्या कपड्यांतल्या, हात जोडून बसलेल्या साठ-सत्तर माणसांसमोर चादरीवर जुनेद मुकुंदवाडीकर रिक्षातून अर्धा बाहेर लोंबकळत, भोंग्यातून एका म्हशीला जलशाचं आमंत्रण देताना दिसला.

कुणी हसलं नाही. मृदंगवाल्यानं मृदंगावरून हात काढून घेतला.

पुंडलिककाका उठले. ते मंजुषाशी बोलले नाहीत, सरळ आईसमोर जाऊन उभे राहिले. “वैनी, हे काय लावलंय? दादाला जाऊन वरीस नाय झालं आन् हिथं तमाशा? चार गावची माणसं आणली म्या.”

मंजुषा सांगायला लागली, की काका, यात अण्णा आहेत. ते ऐकून काकांचा आवाज आणखी चढला. दादा आणि नाचगाण्यात? गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवायचं का? जिन्यातून आवाज आला, “येतंय.” ते काकांचंच बोलणं होतं, पण नियम तो नियम. फारूखभाईंनी स्पीकरचा आवाज कमी केला.

सगळे आईकडं बघत होते. आई चादरीकडं बघत होती. “पुंडलिक,” ती म्हणाली, “ते यात आहेत का नाहीत, तेच मला बघायचंय. नसले तर तुम्ही म्हणाल ते करू. बसा.”

काका बसले, पण खुर्ची फिरवून, चादरीकडं पाठ करून. त्यांची माणसं कुणाकडं बघावं या पेचात पडली. मंजुषानं सरळच असलेला प्रोजेक्टर पुन्हा सरळ केला. नसले तर. तिनं आख्ख्या भावकीसमोर आईला कशावर उभं केलं होतं? एका स्वेटरवर.

सिनेमा पुढं सरकला. एखादं गाणं जरा रंगात आलं की जिन्यातून “येतंय” व्हायचं आणि फारूखभाई कळ खाली सरकवायचे. कव्वालीपर्यंत आवाज निम्मा झाला. वाळूजची पोरं आली तेव्हा नुसते हात आणि टोप्या हलताना दिसल्या. तरीही त्या चादरीत काहीतरी होतं. जुनेद बँडवाल्याचा कोट घालून बघत होता आणि तो त्याच्या पोटावर बसत नव्हता. मागच्या रांगेत एक बाई पदराआड हसली. भारूड म्हणणाऱ्या आजींनी जुनेदचा कान धरला, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा हसले आणि लगेच खोकले. ब्रास बँडचा तुकडा लागला. आवाज इतका बारीक होता, की बँड शेजारच्या तालुक्यात वाजत असावा. मृदंगवाल्याला ते सहन होईना. त्याची बोटं मांडीवर चालायला लागली. काकूंनी मक्याच्या लाह्यांचा वाडगा मोठ्या भक्तिभावानं पुढं सरकवला. पुंडलिककाकांची खुर्ची आता चादरीला काटकोनात होती. ती कधी फिरली हे कुणी पाहिलं नाही.

अण्णा मात्र आले नाहीत. गर्दी दाखवली की मंजुषा एकेक चेहरा चाळायची. मफलर दिसायचा, तो दुसऱ्याचा असायचा. मैदानावर अंधार पडला, दिवे लागले, शेवटची कव्वाली सुरू होणार असं दिसायला लागलं. वाऱ्यानं चादर फुगली आणि सगळं मैदान पोटुशी बाईसारखं पुढं आलं. काका मंजुषाकडं वळून बघत होते. आईचे हात मांडीवर होते, एकावर एक, अगदी स्थिर. मंजुषाला वाटलं, आता वीज जावी.

मग स्टेजच्या कडेला बॅटरीचा उजेड दिसला. कुणीतरी गर्दीतून बॅटरी हलवत, लोकांना बाजूला सारत येत होतं. तपकिरी स्वेटर. मफलर. भिवया जुळलेल्या.

“दादा,” काका म्हणाले आणि उभे राहिले. त्यांच्या मागची सगळी माणसं उभी राहिली.

जुनेदनं वाकून हात दिला आणि अण्णांना स्टेजवर घेतलं. माईक त्यांच्या तोंडाशी धरला. अण्णा बोलू लागले. त्यांचे ओठ हलत होते, बोट वर करून ते काहीतरी बजावत होते, जसे मांडवात बजावायचे, ठाण्यात बजावायचे. जुनेद दचकला, मग हसायला लागला. मैदान हसलं. आणि अण्णा हसले. तोंड उघडं टाकून, दाढेची जागा दिसेपर्यंत.

गच्चीवर त्यातलं काहीही ऐकू आलं नाही. एक शब्द नाही. अण्णांचाच नियम अण्णांच्या तोंडावर बसला होता.

आईनं हात वर केला. “फारूखभाई, मागं घ्या. आवाज वाढवा.”

फारूखभाईंनी जिन्याकडं पाहिलं. “भाभीजी, वो अप्पाराव…”

“वाढवा.”

त्यांनी चित्र मागं नेलं आणि कळ वर सरकवली, पार वर. डब्याएवढ्या स्पीकरनं अंगात असेल नसेल तेवढा जोर काढला. बॅटरी, स्वेटर, भिवया. जुनेद विचारत होता, काका, तक्रार आहे का. आणि अण्णांचा आवाज आला, तोच, खरखरीत, प्रेस शॉपवरून ओरडून बोलायची सवय लागलेला.

“आहे. आवाज कमी आहे तुमचा.”

मैदान गप्प झालं होतं, गच्चीही झाली.

“ती तिकडं दुसऱ्या मजल्यावरची उजेडाची खिडकी दिसते का? तिथं आमची मंडळी बसलीय. गुडघ्यांमुळं येता येत नाही तिला. तिला गाण्याची आवड आहे, माझ्यामुळं घरात कधी झालं नाही. तिथवर पोचत नाही तुमचं. वाढवा.”

जुनेद म्हणाला, काका, तक्रार नोंदवून घेतली, आणि मागं वळून ओरडला, वाढवा रे. मग हसणं. आता त्याला आवाजही होता.

फारूखभाई कपाळाला हात लावून उभे होते. “हौ,” ते स्वतःशीच म्हणाले, “एकदम से बोले थे, बढ़ाओ. मैं समझा, कोई मिनिस्टर आया.”

अप्पाराव जिन्यातून वर आले होते. त्यांनी पहिल्यांदाच चादर पाहिली. “येतंय,” असं सांगायलाच ते आले असावेत, पण अण्णांना बघून त्यांनी नुसते हात जोडले.

मंजुषा आईच्या खुर्चीपाशी खाली बसली. आई रडत नव्हती. ती गारखेड्याच्या दिव्यांकडं, मैदान जिथं असेल तिकडं बघत होती.

“मी खिडकी लावून घेतली होती,” आई म्हणाली. “एकदम आवाज वाढला ना. मला वाटलं, हे सांगायला गेले म्हणून मेल्यांनी मुद्दाम वाढवला. आल्यावर म्हणाले, आलं का ऐकू? मी म्हटलं, साऱ्या गारखेड्याला आलं, जेवून घ्या आता.”

 मंजुषानं आईच्या पायावरची शाल सारखी केली. ती आधीच सारखी होती.

काकांनी नाक शिंकरलं आणि आणलेली टॉवेल-टोपी कुणाला द्यावी हे न सुचून ती फारूखभाईंच्या हातात ठेवली. फारूखभाईंनी टोपी घातलीही. सिनेमा थांबलेला होता, शेवटची कव्वाली राहिली होती. आता काय करायचं, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“मला खाली न्या,” आई म्हणाली.

मंजुषाला वाटलं, झालं, सहन नाही झालं. ती चादर सोडायला उठली. आईनं तिचा हात धरला.

“ते राहू दे. तुम्ही बघा सगळे. जरा वेळानं लावा.”

काकांच्या मुलांनी खुर्ची उचलली. जिन्यातून जाताना आई, हळू रे, पाळणा आहे का हा, असं म्हणाल्याचं ऐकू आलं. जिन्यातलं सगळं ऐकू येत होतं. मग दार उघडल्याचा आवाज आला, खुर्ची फरशीवर ओढल्याचा आला आणि बऱ्याच दिवसांत न उघडलेल्या खिडकीची कडी निघाल्याचा आला. मंजुषा कठड्यावरून वाकली. खालच्या खिडकीतून उजेडाचा एक चौकोन बाहेर पडला होता.

तिनं फारूखभाईंना खूण केली. कव्वाली सुरू झाली. मृदंगवाल्यानं मांडीवरचे हात उचलून मृदंगावर ठेवले. अप्पाराव जिन्यातली आपली खुर्ची वर घेऊन आले आणि पहिल्या रांगेत बसले.

मंजुषा कठड्यापाशीच थांबली होती. गाणं भरात आलं, तेव्हा खालून, दुसऱ्या मजल्यावरून, आईचा आवाज आला.

“येतंय.”